शेवटच्याने कप धुवायचे

मी एक जुनी तांब्याची किटली आहे, मित्रांनो. पोट काळं ठिक्कर, दांडीला तार गुंडाळलेली. तोंडं वाकडी करू नका. हा काळेपणा कामाचा आहे. चकचकीत भांडी कपाटात बसतात, आणि कपाटात बसून कुणाला अक्कल आलेली मी पाहिली नाही.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि आतून कल्हईचं अस्तर दिलं. तिथून मी आले ती ओतशाळेत. तिथे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओततात. भट्टीच्या कडेला माझी जागा. माझा चहा निवलेला कुणी पाहिला नाही.

त्या ओतशाळेत मिस्त्रीने, तिथल्या मुख्य कारागिराने, एक नियम केला होता. चहा कपात पडला की सगळ्यांनी एकदम तोंडाला लावायचा, आणि ज्याचा कप शेवटी रिकामा होईल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. कुणी फुंकर घातली की मिस्त्री ओरडायचा, "बाळ निजवतोस का रे? ओत घशात!" मिस्त्रीने स्वतः जन्मात कप धुतला नव्हता. उकळता घोट रिचवायचा, वर सिगारेट शिलगवायचा, आणि संध्याकाळी भट्टी विझली की दारू. "आपला गळा बिडाच्या लोखंडाचा आहे," म्हणायचा. माणसं टाळ्या पिटायची आणि माझी मान ताठ व्हायची.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलाने आलं. आधी पावाचा तुकडा अडकू लागला. मिस्त्री वर चहाचा घोट घेऊन तो खाली ढकलायचा. मग उकडलेलं अंडं अडलं. मग पाव भिजवल्याशिवाय उतरेना. त्याच्या बायकोने ते पाहिलं.

"दात गेलेत तुमचे. चावता येत नाही म्हणून घास घोळवत बसता."

"अगं, छातीत अडकतं. इथे."

"छातीत दात असतात का? चला मुकाट्याने."

झालं. उरलेसुरले दात उपटले, कवळी बसवली. रोग रेड्याला, औषध पखालीला! कवळी चमकत राहिली आणि माणूस वाळत गेला. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. पातळ भातसुद्धा परत येऊ लागला, तेव्हा कुठे इस्पितळ आठवलं.

मलाही पिशवीत घालून नेलं, कारण दुसऱ्या भांड्यातला चहा मिस्त्रीला चालत नसे. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी घशातून कॅमेऱ्याची नळी उतरवली होती, आतला कण काढून तपासला होता. सांगायला आल्या तेव्हा बायको होती आणि मिस्त्रीचा थोरला भाऊ होता. हा थोरला ढेरपोट्या, जेवला की आडवा होणारा.

"अन्ननलिकेचा कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या. "मधल्या भागात. तिथलं अस्तर चपट्या पेशींचं असतं, फरशी बसवल्यासारखं. ते रोज धुराने, दारूने, कढत घोटांनी पोळलं की पेशी भरून काढता काढता चुकतात, आणि वेड्यावाकड्या वाढत सुटतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "या मेलीच्या चहानं?"

"एकट्या चहाला फासावर देऊ नका. खरे गुन्हेगार तंबाखू आणि दारू. कढत चहा त्यांचा साथीदार."

"मग आधी दुखलं का नाही हो?"

"अन्ननलिका ताणली जाते. बरीच बुजेपर्यंत कळू देत नाही. आणि तिला पोटासारखं बाहेरचं आवरण नसतं, म्हणून गाठ शेजारी घुसते. यांची श्वासनलिकेत शिरली आहे. आता कापून काढता येणार नाही."

मग थोरला पुटपुटला, "मी बाबा ओढत नाही, पीत नाही."

"घशाशी आंबट येतं का?"

"ते काय, वर्षानुवर्षं येतंय."

"मग तुम्हीही कॅमेऱ्याची नळी घालून घ्या. या कॅन्सरचा दुसरा प्रकार अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होतो. पोटातलं आम्ल वर येत राहिलं की अस्तर आपली जातच बदलतं, आतड्यासारखं होतं. कधीकधी तिथेच गाठ धरते. सुटलेलं पोट त्याला खतपाणी घालतं."

थोरल्याचं अस्तर बदललेलं निघालं, गाठ नव्हती. तो आता औषध घेतो, नेमाने तपासून घेतो. धाकट्याच्या दुखण्यामुळे आपण वाचलो, हे तो कुणाला सांगत नाही.

माझी कल्हई गेली की कल्हईवाला पुन्हा लावतो. माणसाच्या नळीला कल्हईवाला नाही, मित्रांनो.

मिस्त्रीला किरणांचा शेक दिला. पातळ तरी उतरावं म्हणून आत जाळीची नळी बसवली. मग एके दुपारी हट्ट करून तो मला घेऊन ओतशाळेत आला. चहा ओतला. माणसांनी सवयीने कप रिकामे केले. मिस्त्री कोमट चहा चमच्याने घेत राहिला. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. शेवटचा चमचा उतरला तसा तो उठला आणि कप गोळा करू लागला.

"राहू द्या हो, मिस्त्री."

"नियम कुणी केला?" आवाज पार बसलेला. "मी शेवटी. मी धुणार."

नळाखाली त्याने एकेक कप धुतला. त्याला धुता कुठे येत होतं? स्वतःच्या कपाच्या कानातला डाग तसाच राहिला. त्यानंतर तो आला नाही. मेला. गोड शब्द मला येत नाहीत.

मला फळीवर फेकून दिलं. चोचीत कोळ्याने जाळं विणलं. पुष्कळ दिवसांनी मिस्त्रीची बायको आली, मला ओढून काढलं, कल्हई करून आणली आणि भट्टीवर ठेवली. चहा उकळल्यावर कपांत ओतला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"थांबायचं. आजपासून ज्याचा कप आधी रिकामा होईल, तो सगळ्यांचे धुईल."

"बाई, खोळंबा होईल कामाचा."

"होऊ दे. घाई करून एक घालवलाय मी."

मित्रांनो, मी उकळणारच, ते माझं काम आहे. निवेपर्यंत थांबणं तुमचं. धूर आणि बाटली दाराबाहेर ठेवा. घशाशी रोज आंबट येत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. आणि घास छातीत अडला तर दात मोजत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

आता ओतशाळेत कप निवत ठेवलेले असतात. फळीवर एक कप उपडा आहे. त्याच्या कानातला डाग कुणी घासत नाही.