बारा तारा आणि एक घोडी

मित्रांनो, भिंतीला टेकून बसलेली ही मी, एक जुनी, विजेवर वाजणारी बारा तारांची गिटार. वय विचारू नका. विचारलंत तर मी खोटं सांगेन आणि तुम्हाला ते खरं वाटेल. ज्या झाडापासून मला घडवलं, त्याच्यावर तीनदा वीज पडली होती, म्हणून मी विजेवर वाजते, असं मी चाळीस वर्षं सांगत आले आहे. कारखान्यातले लोक मात्र वायर, लोहचुंबक असलं काहीबाही सांगतात.

माझ्या बारा तारा म्हणजे सहा जोड्या. बहुतेक जोड्यांत एक तार जाड, तर तिच्या शेजारची बारीक. या तारा खालच्या अंगाला पोलादाच्या एका पट्टीवरून जातात. तिला आमच्या धंद्यात घोडी म्हणतात. रंगारी ज्या दुमडत्या शिडीवर चढतो, तिलाही घोडीच म्हणतात. लक्षात ठेवा, पुढे यावरूनच घरात रामायण झालं.

माझ्या घरी दोघी बहिणी. थोरली मला वाजवायची, धाकटी गायची. गावातल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आमचा कार्यक्रम असे. आम्ही सुरू झालो की लोकांच्या पायांतली चाकं आपसूक फिरू लागत. चष्मेवाले एक गृहस्थ तर पहिल्याच गाण्याला सुटले, ते अजून थांबलेले नाहीत म्हणे. लोक टाळ्या वाजवत. थोरली घरी येऊन मऊ फडक्याने माझी एकेक तार पुसत असे. ते दिवस काही औरच होते.

मग हॉल बंद पडला आणि तिथे फरशांचं गोदाम झालं. मी कपाटात गेले, रजयांच्या मागे. अकरा वर्षं मला कोणी हात लावला नाही. तारा ताणलेल्या तशाच राहिल्या, आणि त्यांच्या ओढीने माझी घोडी मधोमध खचली. अंधारात वाळवीच्या एका कुटुंबाशी माझा परिचय झाला. माणसं सज्जन होती, पण भूक फार.

एका गुरुवारी कपाट उघडलं. धाकटीच्या घशात गाठ निघाली होती आणि सोमवारी शस्त्रक्रिया होती. गाण्याचा आवाज उरेल की नाही, याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

"ताई, त्याआधी आपलं ते शेवटचं गाणं एकदा म्हणू या," धाकटी म्हणाली. "हॉल बंद करताना म्हणायचो ते."

थोरलीने मला बाहेर काढलं आणि खचलेली घोडी पाहून कपाळावर हात मारला.

शुक्रवारी सकाळीच मी दुरुस्तीच्या दुकानात. तिथल्या कारागिराला सगळे कानसबुवा म्हणत, कारण कानस हातात नसली तर त्याला बोलायला सुचत नसे. त्याने जुनी घोडी काढून थोरलीच्या हातात दिली आणि खणातून दोन नव्या काढल्या.

"ही सहा टेकूंची, तुमच्या जुन्या घोडीसारखी. जोडीला एक टेकू. जाड तार आणि बारीक तार एकाच जागी टेकणार. त्यामुळे गिटारच्या मानेवर बोट वर सरकवलं की दोघी सुरात जराशा फाकतात. आणि ही बारा टेकूंची. जिची तिची जागा. एक केसभरसुद्धा बेसूर व्हायची नाही."

"मग विचारायचं काय त्यात? बाराचीच बसवा," थोरली म्हणाली. कोणीही तेच म्हटलं असतं.

घरी आल्यावर तिने जुनी घोडी खिडकीत ठेवली आणि नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, बजावलं, "अहो, उद्या भंगारवाला येईल. बाकी काय द्यायचं ते द्या, पण मोडकी घोडी तेवढी देऊ नका."

शनिवारी धाकटी आली. थोरलीने मला मांडीवर घेतलं. काय सांगू, मित्रांनो, माझा प्रत्येक सूर धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखा! मी स्वतःवर खूश. धाकटीने दोन ओळी म्हटल्या आणि ती थांबली.

"ताई, ही आपली नाही."

"अगं, उलट आता कुठे सुरात आहे."

"तेच तर. त्या दोन तारांच्या मध्ये फट असायची. मी तिथे उभी राहून गायचे. आता उभं राहायला जागाच नाही."

थोरली उठून खिडकीशी गेली. खिडकी रिकामी.

"अहो, घोडी कुठाय?"

"ही काय!" भाऊजींनी दिमाखात दाराआडून रंगाऱ्याची मोडकी शिडी पुढे ओढली. "भंगारवाला फार मागे लागला होता. म्हटलं, प्राण गेला तरी घोडी देणार नाही! खिडकीतला तो लोखंडाचा तुकडा नेला त्याने."

थोरली शिडीकडे बघत राहिली. धाकटीला असं हसू आलं की खोकल्याने तिचा जीव घुसमटला, आणि मग कोणीच हसलं नाही.

तिघंही मला घेऊन दुकानात गेली. कानसबुवा कुलूप लावत होता. त्याने सगळं ऐकलं आणि सहा टेकूंची घोडी बसवून पाहिली. धाकटीने मान हलवली. "ही दुसऱ्याच कुणाच्या घरची चूक आहे."

"चाळीस वर्षं घासून झालेली चूक खणात कुठून मिळणार, बाई?" तो म्हणाला. मग त्याने कानस बाजूला ठेवली. हे मी प्रथमच पाहत होते. "पण बारा टेकू आहेत ना. प्रत्येक चूक वेगळी बेतता येईल. तुम्ही गा, मी स्क्रू फिरवतो. जमलं की थांबवा."

बारा टेकूंची घोडी पुन्हा चढली. धाकटी गात होती, थोरली तार छेडत होती, कानसबुवा बारीक तारांचे टेकू मागे-पुढे सरकवत होता.

"अजून थोडं. अहं, फार झालं. तिसऱ्या जोडीला हात लावू नका. हां... थांबा!"

तिथे मी माझ्या जुन्या आवाजात बोलले. धाकटीने डोळे मिटून अख्खं गाणं म्हटलं, शेवटच्या उंच ओळीसकट. भाऊजी दुकानाच्या पायरीवर पाठमोरे बसून चष्मा पुसत होते.

सोमवार पार पडला. डॉक्टरांनी गाठ काढली. सहा आठवडे बोलायला बंदी होती. सातव्या आठवड्यात धाकटी आली आणि तिने हळूच एक ओळ म्हटली. आवाज होता, पण खूप खाली गेलेला, खरखरीत. ती ओशाळून थांबली.

थोरलीने मला मांडीवर घेतलं आणि एकेक करत माझ्या बाराच्या बारा तारा सैल केल्या, धाकटीच्या आवाजापर्यंत. एवढ्या खाली मी जन्मात उतरले नव्हते.

मित्रांनो, वाद्याला कपाटात कोंडू नका. ठेवायचंच झालं तर तारा सैल करा, अधूनमधून फडकं फिरवा. आणि आम्हाला दुरुस्तीला नेताना आमच्याबरोबर जो गातो, त्यालाही सोबत न्या. "म्हण आता," थोरली म्हणाली, आणि धाकटी आणि मी, आम्ही दोघी खालच्या सुरात सुरू झालो.