गाडीची खांदशेकणी

पुंडलिकरावांचा डावा गुडघा एकोणीस वर्षांपूर्वी गोटमारीत गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना दगड मारतात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या दुकानातून साखर नेतात. त्या वर्षीचा तो दगड सावरगावच्या काठावरून आला आणि त्या काठावर समोरच गजानन मिस्त्री उभा होता. कोणाचा दगड, हे विचारायची रीत नाही. पुंडलिकरावांनीही विचारलं नाही. ते फक्त एकोणीस वर्षं गजाननशी बोलले नाहीत.

गुडघ्यामुळे क्लच दाबता येईना, म्हणून त्यांनी नागपूरहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. तिला डाव्या पायाची गरजच नव्हती. बोरगावच्या संत्र्याच्या बागेत ते एकटे जात, एकटे येत. मुलाला, अमितला, हे बघवत नसे. गाडी बंद पडली की बाबांना बागेत मीच नेईन आणि मीच आणीन, असं तो फार प्रेमानं सांगे. मग बाग कोण बघणार, हे त्यानं सांगितलं नव्हतं. पुंडलिकरावांना ते न सांगता कळलं होतं.

बैल विकून चार वर्षं झाली होती, पण पोळा काही विकता येत नाही. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना कोमट हळद-तूप चोळून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही खांदशेकणी. यंदा पुंडलिकरावांनी गाडी अंगणात घेतली आणि तिचा खांदा कोणता यावर बराच विचार केला. ओढीचा भार जिथं पडतो तो खांदा. भार पडतो गिअरबॉक्सवर. त्यांनी बॉनेट उघडलं, गिअरच्या तेलाची पातळी बघायची पट्टी उपसली आणि त्या नळीत नरसाळ्यानं वाटीभर कोमट हळद-तूप ओतलं.

वच्छलाबाई ओसरीवरून बघत होत्या. आपण बैलांच्या खांद्यांना लावत होतो, नरड्यात ओतत नव्हतो, असं त्या म्हणाल्या. पुंडलिकरावांनी गाडीला आवतण दिलं आणि बॉनेट लावलं.

पोळ्याच्या दिवशी गाडी घरीच सजून उभी होती. गोटमारीच्या दिवशी रस्ते बंद. तिसऱ्या दिवशी बागेत निघाले, तर गिअर टाकल्यावर गाडी आधी विचार करी, मग इंजिन गुरगुरे आणि चाकं कशीबशी रांगत. पांढुर्ण्याच्या मिस्त्रीनं ऑटोमॅटिक म्हणून हात लावला नाही. सौंसरच्यानं फोनवरच नमस्कार केला. अमितनं गाडीचे फोटो काढले आणि संध्याकाळी एक गिऱ्हाईक बघायला येणार असल्याचं सांगितलं.

नागपुरात अकरा वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोललेला माणूस पंचक्रोशीत एकच होता, नदीपलीकडे. पुंडलिकरावांनी गुरगुरत, थांबत, पायी जाणाऱ्यांना पुढे जाऊ देत नदीचा पूल ओलांडला.

गजाननच्या कपाळाला कालचे ताजे चार टाके होते, पांढुर्ण्याच्या काठाकडून आलेले. त्याला बोलायची हौस नव्हती. त्यानं गाडी जॅकवर घेतली आणि गिअरबॉक्सखालचं पॅन सोडलं. लाल असायला हवं ते तेल पिवळट लगद्यासारखं ओघळलं. फिल्टरची जाळी बुजलेली होती. त्यानं बोट बुडवून वास घेतला आणि बोट पुंडलिकरावांच्या नाकापुढे धरलं.

"काय टाकलं?"

"काई नाई."

"सांगा. त्याशिवाय पॅन चढवत नाई. आतमंदी काय हाय, कायनं धुवू, मले समजलं पायजे."

"तू पयले सांग, तो दगड कोनाचा होता."

गजाननने हात पुसले आणि तो चहा प्यायला गेला. परत येऊन दुसऱ्या गाडीचे ब्रेक बघू लागला. पुंडलिकराव टायरच्या ढिगावर बसून राहिले. दोन तास दोघांनी एकमेकांकडे पाठ ठेवली. मग अमितचा फोन आला. गिऱ्हाईक निघालंय, तुम्हाला घ्यायला येऊ काय, असं तो विचारत होता.

पुंडलिकरावांनी फोन बंद केला.

"तूप," ते भिंतीला म्हणाले. "हळद. वाटीभर. खांदशेकणी केली."

गजानन हसला नाही. "आवतण देल्लं होतं?"

"देल्लं होतं."

"मंग बराबर हाय. जेवून बसली."

त्यानं पॅन आणि जाळी धुतली, नवा फिल्टर लावला, नवं लाल तेल भरलं. इंजिन चालू ठेवून गिअर एकेक करून फिरवला आणि सगळं तेल परत काढलं. ते पिवळट होतं. दुसऱ्यांदा नारिंगी आलं, तिसऱ्यांदा लाल. दर खेपेला तो ते पुंडलिकरावांना दाखवी, शाळेत नापास पोराचा पेपर दाखवतात तसं. शेवटी गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून त्यानं पट्टी बघितली आणि किल्ली बॉनेटवर ठेवली, हातात दिली नाही.

पुंडलिकराव आत बसले. गिअर टाकला. गाडी विचार न करता पुढे सरकली.

"पुंडलिकभाऊ," गजानन खिडकीशी वाकून म्हणाला, "गुडघ्यावर नेम नोता माह्या. डोक्यावर होता. चुकला."

पुंडलिकरावांनी त्याच्या कपाळावरचे टाके नीट मोजले.

"आमच्या काठावरच्यांचा नाई चुकत," ते म्हणाले, आणि काच वर केली.

पुलापलीकडे त्यांनी अमितला फोन लावला. गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठव, असं सांगितलं, आणि गाडी घराकडे न वळवता बोरगावच्या रस्त्याला घातली.