तीनदा गौरच

वैशाखाचे शुभ्र, निर्दय ऊन पेणच्या कौलांवर सांडले होते. भोगावतीचे पात्र शुष्क, आकाश रंगहीन, वारा तप्त आणि निःशब्द. मूर्तींच्या कारखान्यात ओल्या शाडूचा गोळा तेवढा थंड होता.

त्या गोळ्यापुढे इंदुमती बसली होती. माघात तापाने गेलेली तिची लेक, एकोणीस वर्षांची रेवती, तिला मातीत हवी होती. शोकावर दुसरे औषध तिला ठाऊक नव्हते.

पण सव्वीस वर्षे त्या हातांनी गौरीचे मुखवटेच घडवले होते. बोटे लेकीचा गाल शोधीत निघत आणि देवीच्या गालावर पोचत. तेच कमलनेत्र, तेच रेखीव ओठ, तेच मधुर, मधुर, असह्य मधुर हास्य. तीनदा घडवले, तीनदा गौरच झाली. त्या गोडव्याचा तिला वीट आला.

आणि भीतीही वाटली. डोळे मिटले तरी आता गौरच दिसे. रेवती पुसली जात होती, आणि पुसणारे हात आईचेच होते.

शेजारच्या यमुनाकाकू डोकावल्या, गहिवरल्या. "पोर गौर होऊन आली गं तुझ्याकडे," म्हणाल्या. नवऱ्याने, वामनरावांनी, तर साचाच काढू म्हटले; भाद्रपदात घरोघरी बसेल आपली लेक.

किळस. कढत, आंबट, कंठाशी आलेली किळस. त्या सुबक सांत्वनाची, त्या गुळगुळीत देवत्वाची, स्वतःच्या सराईत बोटांची. रेवती देवी नव्हती. चिडकी होती, हट्टी होती, रोज आमटीला नावे ठेवायची. इंदुमतीने अंगठा रोवून ते हास्य फाडले.

मग उजवा हात तिने मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या, अडाणी हाताने माती चाचपू लागली. नाक बसके झाले. भुवई वाकडी गेली. पुढचे दोन दात ओठांबाहेर आले आणि तोंड अर्धवट उघडे राहिले, रेवतीचे झोपेत राहायचे तसेच.

कुरूप, ओबडधोबड, ओले, आणि हुबेहूब.

इंदुमती पाहत राहिली. मग रोजच्या, करवादलेल्या आवाजात म्हणाली,

"तोंड मीट गं. माशी जाईल."

रेवतीने ऐकले नाही. तोंड उघडेच राहिले. आणि त्या उघड्या तोंडापुढे आई रडली, माघानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, मोकळी.