चादरीचं दुसरं टोक

दोन हजार दहा सालची गोष्ट. त्या वर्षी मावशींना एकोणसत्तरावं लागलं, घरातल्या संगणकाचा स्वतःचा पडदा कायमचा मिटला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की नजरेच्या मधोमध डाग धरतो आहे. कडेचं दिसत राहील, पण वर्षा-दोन वर्षांत समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा होईल. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या की चेहरे पुसून पुसूनच तर माझं आयुष्य गेलं.

ते खरंच होतं. फोटो स्टुडिओत त्यांनी अडतीस वर्षं टचिंगचं काम केलं होतं. डोळ्याला भिंग लावायचं आणि बारीक ब्रशने लोकांचे तीळ, देवीचे व्रण, डोळ्यांखालची जागरणं घालवायची. सगळी पेठ त्यांच्या हातून देखणी होऊन भिंतीवर गेली. त्यांच्या स्वतःच्या आईचा मात्र एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की आई आत पळायची.

अशात धाकट्या भावाचं पाकीट आलं. भाऊ लांबच्या शहरात असायचा. वडिलांच्या पेटीत त्याला एक जुनी फिल्म सापडली होती. वडिलांच्या कारखान्यातल्या एका मित्राने किल्ली देऊन चालणाऱ्या सिनेमाच्या कॅमेऱ्याने ती कधीतरी अंगणात काढली होती. भावाने ती डिस्कवर उतरवून घेतली आणि सोबत चिठ्ठी लिहिली: ताई, यात आई आहे. डोळे चांगले आहेत तोवर बघून घे.

काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, नुकताच मोठा टीव्ही घेतला होता. दुकानदाराने संगणक आणि टीव्ही एका जाड डोक्याच्या वायरने जोडून दिले, चित्र उमटलं, आणि तो चहा पिऊन गेला. काकांनी डिस्क लावली. अंगण आलं, दोरीवरचे कपडे आले, मावशी सात वर्षांच्या आणि भाऊ चार वर्षांचा. सगळेच चांगले गरगरीत दिसत होते. काका म्हणाले, "तुमच्याकडे खाऊनपिऊन सुखी होते हो सगळे."

मग डावीकडे चादर दिसली. चादरीचं एक टोक छोट्या मावशींच्या हातात होतं. दुसरं टोक पडद्याच्या कडेला एका मनगटापाशी संपत होतं. मनगट, दोन बांगड्या, आणि पुढे टीव्हीची काळी चौकट. घडी घालताना ते मनगट चार वेळा आत आलं आणि चार वेळा बाहेर गेलं. चेहरा आलाच नाही.

मावशींनी ती अडीच मिनिटं त्या दिवशी नऊ वेळा बघितली. स्टुडिओतली सवय, चित्र हाताखाली आलं की दुरुस्त करायचं. रिमोट घेऊन त्यांनी चित्राची धार, म्हणजे शार्पनेस, शेवटापर्यंत नेली, उजेड वाढवला, रंगाचा कस वाढवला. झालं काय, तर प्रत्येकाच्या अंगाभोवती पांढरी रेघ उमटली आणि तोंडं चुन्याने सारवल्यासारखी झाली. मनगटाच्या पुढे मात्र काही सरकलं नाही.

त्यांनी भावाला फोन लावला. कडा कापणं काय असतं हे स्टुडिओतल्या बाईला कुणी सांगायला नको होतं, त्यांनी स्वतः हजारो फोटोंच्या कडा कापल्या होत्या. डिस्क करणाऱ्याने कात्री चालवली आणि तू बघितलंही नाहीस, असं त्या म्हणाल्या. भाऊ म्हणाला, आई आहे, मी रोज बघतो. मावशी म्हणाल्या, नाही. तो म्हणाला, आहे. शेवटी तो चिडून म्हणाला, "ताई, तुझे डोळेच गेलेत."

मावशी म्हणाल्या, "आणि तू आईला कापलंस." फोन ठेवला तो ठेवला. दोन महिने दोघांत चकार शब्द नाही. डोळ्यांना दिलेल्या मुदतीतले दोन महिने असेच गेले.

वरच्या मजल्यावर इस्पितळात एक्स-रे काढणारी बाई राहायची. बोलायला फटकळ, पण मनाने साफ. एका रविवारी दुपारी ती माळ्यावरचं सामान काढायला नेलेलं स्टूल परत द्यायला आली, तर मावशी पुन्हा ते मनगट बघत बसलेल्या. काकांनी तिला सगळी कथा सांगितली आणि संगणक बंद करायला म्हणून माऊस खालच्या कोपऱ्यात नेला. धड दिसत काहीच नव्हतं. अंधारात कुलपाला किल्ली लावावी तसे ते चाचपडत होते.

ती म्हणाली, "काका, थांबा. खालची पट्टी कुठे गेली?"

काका म्हणाले की टीव्हीवर ती अशीच अर्धी येते, आता सवय झाली.

"आणि कोपऱ्यातलं घड्याळ?"

काकांनी कोपऱ्यात बघितलं, घड्याळ नव्हतं. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता.

ती आणलेल्या स्टुलावरच बसली. "मावशी, तुमच्या भावाने आईला कापलं असं घटकाभर धरू. मग त्याने काकांचं घड्याळही कापलं का?"

 तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे प्रत्येक एक्स-रेच्या कडेला डाव्या-उजव्याची खूण असते. ती खूण दिसली नाही, तर आधी पडद्यावर संशय घ्यायचा, रोग्यावर नाही. हा टीव्ही आलेलं चित्र थोडं फुगवतो आणि चारही कडा चौकटीबाहेर ढकलतो. शिवाय संगणक पाठवतोय चौकोनी चित्र, आणि टीव्ही ते ताणून रुंद करतोय.

"म्हणजे आम्ही गरगरीत नव्हतो?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही काटकुळ्या असणार," ती म्हणाली.

तिने टीव्हीच्या सेटिंगच्या यादीत चित्राचा आकार शोधला आणि 'आहे तसं' असं ठेवलं. घड्याळ कोपऱ्यात टुणकन आलं. मग टीव्हीत जेवढे ठिपके आडवे आणि उभे, तेवढेच संगणकाला पाठवायला सांगितले, तशी अक्षरं कोरल्यासारखी झाली. शेवटी धारेवर बोट ठेवून तिने मावशींकडे बघितलं. हे मात्र मावशींचं खातं होतं. त्यांनी रिमोट मागून घेतला आणि धार पार खाली आणली. आपणच लावलेलं टचिंग त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं.

फिल्म पुन्हा लागली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. एवढा मोठा टीव्ही घेऊन फुकट गेला, असं काका पुटपुटले. पट्ट्यांच्या मध्ये सगळे बारीक झाले होते आणि खरे झाले होते. चादर आली, मनगट आलं, आणि मनगटाच्या मागोमाग पट्टीला खेटून आई आली.

तिचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. वाकडी घडी घालणाऱ्या पोरीकडे बघून ती हसू दाबत होती. उजव्या गालावर तीळ होता. मावशी तो तीळ साफ विसरल्या होत्या. लोकांचे हजारो तीळ पुसता पुसता हाही मनातून पुसला गेला होता. त्या उठून पडद्याजवळ गेल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. वरची बाई परत परत फिल्म लावत राहिली. किती वेळा ते कुणी मोजलं नाही.

मग मावशींनी फोन लावायला सांगितला. "अरे, ह्यांचं घड्याळही कापलं गेलं होतं," त्या म्हणाल्या आणि फोन काकांकडे दिला. बाकीचं काकांनी सांगितलं.

फोन परत मावशींच्या हातात आला. मग भाऊ म्हणाला, "मग आता किती वाजलेत, ते तरी सांग."

मावशींनी कोपऱ्यात बघून नीट सांगितलं, "पाच वाजून वीस मिनिटं. तू ये."

तो पुढच्याच आठवड्यात आला आणि त्यानंतर दर वर्षी येत राहिला. येताना चादरीची जोडी आणायचा, आणि ताईने घडी वाकडी घातली की तिला चिडवायचा. सात वर्षांपूर्वी तो गेला. काका त्याच्याही आधी गेले, शेवटपर्यंत टीव्ही लावला की पहिल्यांदा कोपऱ्यातलं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून बघत. एक्स-रेवाली मोठ्या इस्पितळात विभागाची मुख्य झाली. नव्या मुलींना ती आजही आधी कडा तपासायला शिकवते, आणि महिन्यातून एकदा मावशींना फोन करते.

मावशींचे डोळे डॉक्टरांनी सांगितलं तसेच झाले. समोरचा चेहरा आता नुसता धूसर गोळा, कडेचं तेवढं दिसतं. रोज दुपारी शेजारची सून फिल्म लावून देते. मावशी नजर पडद्याच्या मधोमध ठेवतात, तिथे काहीच नसतं. डावीकडे, नजरेच्या कडेला, आई चादरीचं टोक धरून उभी असते.