ओंडक्याचे दात

परदेशात ॲडम्सटाउनला लेकाकडे आले त्याच आठवड्यात सुनेने बागेतल्या शेडमधून एक लाकडाचा ओंडका घरात आणला. हातभर लांब, पुढे दोन काठ्यांचे पाय, डोळे आणि हसरं तोंड रंगवलेलं, डोक्यावर लाल टोपी. सुनेने त्याच्यावर आपली शाल पांघरली आणि माझी सहा वर्षांची नात इशिता त्याच्यापुढे संत्र्याच्या फोडी नि दोन बिस्किटं ठेवून आली.

मला चौकशीची खोड जुनी. पण लाया, म्हणजे माझी सून, हॉस्पिटलमधून दमून आलेली, आणि लेक देवदत्त लॅपटॉपमधून मान वर काढेल तर शपथ. लायाचं माहेर स्पेनमधलं, बार्सिलोनाजवळचं. असेल तिकडचा कुळाचार. पुढे खाऊ ठेवलाय म्हणजे नैवेद्य, एवढं मला कळतं. मी हात जोडले.

सकाळी चहाला उठले तर ताटली तशीच. नैवेद्याचं जे करतात तेच मी केलं. इशिता खाली आल्याबरोबर तिच्या हातावर फोडी ठेवल्या. "घे बाळा, प्रसाद."

तिने फोडींकडे पाहिलं, मग ओंडक्याकडे. "ही डिडन्ट ईट इट?" म्हणाली आणि भोकाड पसरलं.

लाया अर्धी वेणी तशीच सोडून धावत आली. लेकीला पोटाशी धरून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं.

"अगं, पाहुणा पहिल्या दिवशी लाजतो," मी सारवासारव केली. "उद्या खाईल."

"लास्ट इयर ही वॉजन्ट शाय," इशिता हुंदके देत म्हणाली.

ती शाळेत गेल्यावर लायाने सगळं सांगितलं. हा देव नाही. डिसेंबरात मुलांनी याला रोज भरवायचं आणि चोवीस तारखेला गाणं म्हणत काठ्यांनी बडवायचं, की तो शालीखाली मिठाई टाकतो.

"टाकतो म्हणजे?"

कुठून टाकतो तेही तिने सांगितलं. मागून, शी केल्यासारखी. मी डोळे मिटून घेतले. हात जोडले होते मी त्याला!

"बरं, आणि खातं कोण?"

खायची याया. लायाच्या आईला इशिता याया म्हणायची. दर डिसेंबरात त्या स्पेनहून यायच्या, सगळे उठायच्या आत ताटलीतलं खायच्या आणि एक बिस्कीट मुद्दाम अर्धं चावून ठेवायच्या, दातांच्या खुणा दिसाव्यात म्हणून. यंदा होळीच्या सुमारास त्या गेल्या.

"आज पहाटे मी गेले होते खायला," लाया म्हणाली. "बिस्कीट हातात घेतलं, आई, आणि परत ठेवलं. ते तिचं काम होतं. पण इशिताचा विश्वास उडाला तर आमच्या घरचं हे सगळं इथेच संपेल. आठवणारी मी एकटीच उरलेय."

मला फार वाईट वाटलं. "घरात अजून एक आजी आहे ना," मी म्हटलं. "माझी साखर वाढली तर देवदत्तला तू समजाव."

दुसऱ्या दिवशी पहाटे फोडी संपवल्या, एक बिस्कीट खाल्लं, दुसरं अर्धं चावून ठेवलं. बिस्कीट कसलं, फरशीच ती. माझा पुढचा एक दात पडलाय आणि शेजारचा हलतोय. जीव मेटाकुटीला आला.

इशिता उठून थेट ओंडक्याकडे गेली. अर्धं बिस्कीट उचलून तिने खिडकीपाशी नेलं आणि उजेडात निरखलं. इतकी चौकशी मीही केली नसती. खुणांच्या मधोमध एक मोकळी जागा होती. तिने ओंडक्याच्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसले, आणि हसताक्षणी चूक कळली. तोंड मिटेपर्यंत उशीर झाला होता.

ओट्यापाशी लाया हातात कप धरून तशीच उभी राहिली.

इशिताने बिस्कीट परत ताटलीत ठेवलं. दप्तर घेऊन शाळेत गेली. दिवसभर मला चैन पडेना. एका दातापायी लायाच्या आईचं सगळं मी घालवलं, असं वाटत राहिलं.

संध्याकाळी इशिता स्वयंपाकघरातल्या प्रेसपुढे बराच वेळ उभी होती. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तिने बिस्किटांचा पुडा काढला, परत ठेवला. मग एक केळं सोललं, वाटीत काट्याने कुस्करलं, वर थोडं दूध घातलं.

"आज बिस्कीट नाही?" लायाने विचारलं.

"नो, मम्मा. ही हॅज ओल्ड टीथ धिस इयर."

तिने वाटी ओंडक्यापुढे ठेवली, त्याची शाल नीट केली आणि माझ्याकडे न बघता वाटीत एक चमचा ठेवला.