चारशे बारा नंबरची शेवटची साठ पानं

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे आणि ज्ञानाचं रक्षण करण्यासाठी माझा जन्म झाला आहे. हे वाक्य माझं नाही, मित्रांनो. आमच्या वाचनालयाचे सचिव भैय्याजी दर दसऱ्याला माझ्यासमोर हात जोडून ते म्हणतात. हिंगणघाटच्या ज्या शेडमध्ये मला ठोकून तयार केलं, तिथून माझ्या आधीचं कपाट एका पिठाच्या गिरणीत गेलं आणि माझ्यानंतरचं खताच्या दुकानात. मधल्याला पुस्तकं मिळाली, एवढाच काय तो माझा ज्ञानाशी संबंध.

रोहण्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. ट्रॅक्टरमधून मी आलो, तेव्हा मला हार घातला होता. पाच खण, राखाडी रंग, चकचकीत मूठ. पाहुणे यायचे, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे आणि म्हणायचे, "वा! काय संग्रह आहे!" दार उघडून पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

भैय्याजी माणूस सरळ. बावीस वर्षांत वाचनालयाचं एकही पुस्तक हरवलं नाही, फाटलं नाही, मळलं नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत आणि ते खरं होतं. बावीस वर्षांत एकही पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. कव्हर फाटेल म्हणून त्यांनी सगळ्या पुस्तकांना आधीच तपकिरी कापडाची बांधणी करून घेतली. त्यात नावाची पानंही शिवली गेली, म्हणून पाठीवर नुसते नंबर टाकले. रोज सकाळी आंघोळ करून ते येत. माझ्या पायाशी तांब्याभर पाणी शिंपडत, झेंडूची दोन फुलं ठेवत, उदबत्ती लावत, कुलूप ओढून पाहत आणि नमस्कार करून घरी जात. माझी पूजा होत होती. त्या रोजच्या पाण्याने माझ्या डाव्या पायाजवळ पत्रा गंजला आणि करंगळी जाईल एवढं भोक पडलं, हे मात्र फुलांखाली कुणाला दिसलं नाही.

मग या हिवाळ्यात भैय्याजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला गेले. किल्ली पंधरा दिवस त्यांच्या पत्नीकडे, गोपिकाबाईंकडे राहिली. वाचनालय उघडायचं ते पुस्तकं न्यायला, असा त्यांचा साधा समज होता. पहिल्याच दिवशी सरिता आली. नववी शिकलेली, दुसऱ्याच्या वाडीत भाजी तोडायला जाणारी. तिने चारशे बारा नंबर उचलला, कारण तो जाड होता.

दुपारी आमच्या ओसरीत सात-आठ बाया बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसत. हात त्यांचे, आवाज सरिताचा. गोष्ट एका नर्सची होती. नदीला पूर, पलीकडच्या वस्तीत अडलेली बाळंतीण, आणि डोंगा चालवायला कुणी तयार नाही. दार उघडं असल्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. बावीस वर्षं पोटात बाळगलेली गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. बायांमध्ये सीताबाई सर्वांत म्हाताऱ्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण गावातली निम्मी बाळंतपणं त्यांनी केली होती. त्या पुस्तकालाच दम देत.

"आडवं मूल हाय म्हणते ना? मंग नटून काऊन राह्यली? निंग ना बाई लवकर!"

"मावशी, नटून नाई राह्यली, पिशवी भरून राह्यली," सरिता म्हणायची.

"तेच ते. कैची घेजो म्हना सोबत!"

जुड्या दुप्पट वेगाने होऊ लागल्या. नर्सने डोंग्यात पाय ठेवला, डोंगा मधल्या धारेला लागला, वल्हं मोडलं, आणि त्याच दुपारी भैय्याजी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून दारात उभे राहिले. उरलेल्या डोळ्याने त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. पानात मेथीचं पान होतं.

"पुस्तकात भाजी!" त्यांनी ते पान चिमटीत धरून बाहेर टाकलं.

चारशे बारा नंबर तिसऱ्या खणात गेला. कुलूप लागलं. साठ पानं राहिली होती.

"मोजणी झाल्यावर पाहू," भैय्याजी म्हणाले. पुस्तकांची मोजणी मार्चअखेरीला असते.

मित्रांनो, त्याच रात्रीपासून माझ्या पोटात कुरतडल्याचा आवाज सुरू झाला. पायाजवळच्या भोकातून वाळवी आत आली होती. तळाच्या खणात सरकारी योजनांची माहितीपत्रकं होती. ती तिने चार दिवसांत संपवली. इतकं मन लावून ती पहिल्यांदाच कुणी घेतली असावीत. दुसऱ्या खणात भाषणांचे संग्रह होते. तिथे ती जरा रेंगाळली, मला आशा वाटली. पण नवव्या दिवशी तिसऱ्या खणाच्या कोपऱ्यात ओल्या मातीची रेघ चढली. चारशे बारा नंबर तिथून चार पुस्तकं पलीकडे होता. मग तीन. मला ओरडता येत नाही. उन्हाने पत्रा तापला की फक्त 'टण्' होतं.

बाहेर रोज सकाळी पाणी, फुलं, उदबत्ती. दुपारी बाया मुकाट्याने जुड्या बांधत.

"बारा दिस झाले," सीताबाई म्हणाल्या. "ते पोरगी धारेतच उभी हाय. आन् तिकडे ते बाई कळा देऊन राह्यली. इतक्यात मूल नाई टिकत."

त्या दिवशी माझ्याजवळची मेथी उचलताना सरिताचं लक्ष भिंतीकडे गेलं. मातीची एक बारीक नळी जमिनीवरून निघून माझ्या मागे शिरली होती. तिने गोपिकाबाईंना हाक मारली, गोपिकाबाईंनी भैय्याजींना.

"काकाजी, उधई लागली कपाटाले. उघडा."

"लोखंडाले उधई?" भैय्याजी हसले. "मी रोज पूजा करतो त्याची."

"अवो, तुमी पूजा नाई करून राह्यले, पाणी पाजून राह्यले तिले!" गोपिकाबाई म्हणाल्या. "नवा डोया घेतला, त्यानं तरी पाहा!"

भैय्याजी किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधत. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "मोजणीच्या आधी उघडायचा नियम नाई."

वाळवी आता चारशे बाराच्या शेजारच्याच पुस्तकात होती. मी सगळं ऐकत होतो.

सीताबाई उठल्या. त्यांनी विळ्याच्या टोकाने ती नळी खरवडली. पांढरे किडे भैय्याजींच्या पायावर, झेंडूच्या फुलांवर पडले. भैय्याजी बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली. किल्ली आत अडकली, कुलूप निघेना. सरिताने ते दगडाने तोडलं.

तळाचा खण मातीसारखा बाहेर सांडला. चारशे बारा नंबरचा खालचा समास खाल्ला होता, अक्षरं शाबूत होती. बायांनी उरलेली पुस्तकं अंगणात झटकली, उन्हात मांडली, कडुनिंबाचा पाला आणला. आणि सरिता तिथेच वाचायला बसली. त्या दिवशी एकही जुडी बांधली गेली नाही, सगळी मेथी सुकली, कुणी तक्रार केली नाही. नर्स वल्ह्याशिवाय, हातांनी पाणी कापत निघाली, तेव्हा सीताबाईंचेही हात हलत होते. सरिता पाणी प्यायला थांबली, तर भैय्याजीच म्हणाले, "अवं, वाच ना पुढं!"

मित्रांनो, मला पूजा नको. माझ्या पायाशी पाणी तर अजिबात नको. माझं दार रोज उघडा, पुस्तकं न्या, पानात मेथी सापडली तर सापडू द्या. जे पुस्तक तुम्ही वाचत नाही, ते कुणीतरी दुसरं खात असतं.

त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलं. ऊन कलता कलता नर्स काठाला लागली, चिखलातून धावत झोपडीशी पोचली, दार ठोठावलं. दार उघडलं. पान संपलं. सरिताने पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"मंग?" सीताबाई म्हणाल्या.

खाली छापलं होतं : पूर्वार्ध समाप्त. उत्तरार्ध वाचनालयाने कधी घेतलाच नव्हता.