तेविसाव्या कामाचा हिरवा ठिपका

मी एक टॅब आहे, आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे बोलताना माझा आवाज कापला तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते शहापूरच्या एका कार्यालयातलं लांबलचक टेबल. आम्ही सहा जण त्यावर ओळीने मांडलेले होतो. एका शिपायाने प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावली. माझ्या पाठीवर लिहिलं होतं 'आराखडा – ४'. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांसाठी पाच वर्षांचा आर्थिक विकास आराखडा आखला होता. भाताची गोदामं, भरडणीच्या गिरण्या, भाजी गोळा करायची केंद्रं, शेतातून डांबरीपर्यंत येणारे रस्ते. कुठलं काम कुठवर आलं ते जागेवर जाऊन बघायचं, फोटो काढायचा आणि माझ्यात भरायचं. माझ्या वाट्याला एक्केचाळीस कामं आली.

आणि समीक्षा आली.

समीक्षा धानके आसनगावची. सव्वीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलताना खालचा ओठ दाताखाली धरायची सवय. तिच्या मैत्रिणी कल्याण-मुंबईला कामाला जात. हिला मात्र अकरा महिन्यांच्या करारावर गावाकडची नोकरी मिळाली होती, आणि तो करार दर वर्षी नव्याने व्हायचा. पहिल्याच दिवशी तिने मला दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलं. तेव्हाच मला कळलं की हीसुद्धा माझ्यासारखीच आहे. काही बिघडेल म्हणून आधीच घाबरणारी.

माझ्या नकाशावर प्रत्येक काम म्हणजे एक ठिपका. सुरू न झालेलं राखाडी, चालू असलेलं पिवळं, पूर्ण झालेलं हिरवं, अडलेलं लाल. महिन्यातून एकदा आढावा बैठक व्हायची. मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडायचे आणि वीसेक माणसं माझ्याकडे बघायची. तिथे मी एक गोष्ट शिकलो. माणसं आधी रंग बघतात. फोटो वेळ असेल तर बघतात. खाली शेऱ्याची एक ओळ असते, ती कुणीच उघडत नाही.

तेविसावं काम हेदपाड्याचं. टोकावड्याच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की डोंगराला पाठ लावून बसलेला तो पाडा. तिथल्या बायांचा गट होता आणि त्यांची म्होरकी जिवली. पन्नाशी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, कुणाशीही पहिल्या वाक्यातच एकेरीवर येणारी. भात भरडायला या बाया डोक्यावर बोचकी घेऊन टोकावड्याला पायी जायच्या. जाऊन येऊन अर्धा दिवस. आपल्या पाड्यात गिरणी हवी म्हणून जिवलीने पाच वर्षं अर्ज केले होते. शेवटी आराखड्यात नाव लागलं. डोंगराचा उतार कापून जागा केली, पुढे गिरणी आणि गोदामाची इमारत उभी राहिली, आणि मागे कापलेल्या डोंगराला अडवायला उंच दगडी भिंत.

मे महिन्यात समीक्षा शेवटच्या पाहणीला गेली. इमारत देखणी झाली होती. जिवलीची सून रविना यंत्र चालवायला शिकली होती आणि त्याचं झाकण दिवसातून दोनदा पुसत होती. समीक्षा मला घेऊन मागे गेली. भिंतीपाशी जैतू नावाचे एक म्हातारे विडी ओढत बसले होते. आयुष्यभर दगडाची बांधकामं केलेला माणूस.

"बाय, भोका कुठं ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"कसली भोकं?"

"पानी जायाला. डोंगराचा पानी मागं साठंल. भिंतीतून वाट नाय दिली तं तो भिंतच घेऊन येल."

समीक्षाने वर पाहिलं. भिंत सपाट होती, एकही भोक नव्हतं. आणि उजव्या कोपऱ्यातून तिरपा एक तडा वर गेला होता, करंगळी मावेल एवढा. तिने त्याचे तीन फोटो काढले. तिसऱ्या फोटोला तिचा हात हलला. तो फोटो आजही माझ्यात धूसर आहे.

तिने तिथूनच कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते.

"लाल करायचं तर कर," ते म्हणाले. "पण लाल म्हणजे अडलेलं काम. पंधरा दिवसांत आढावा आहे. अडलेली कामं यंदा यादीतून काढणार आहेत. गिरणी उचलून दुसऱ्या गावाला देतील. हिरवं केलंस तर भिंतीचं मागाहून बघता येईल. तुझा करारही त्याच महिन्यात आहे ना?"

शेवटचं वाक्य त्यांनी सहज विचारलं. समीक्षाने फोन ठेवला आणि ओठ दाताखाली धरला.

जिवली मागे येऊन उभी होती. साहेबांचा आवाज फोनबाहेर येत होता आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"लाल नको करू गो," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मी तुज्या पाया पडते. पोरी डोक्यावर भात वाहून वाहून मान मोडून बसल्यात. आता ही गेली तं परत आमच्या जल्मात नाय येयाची."

"मावशी, भिंतीला तडा आहे."

"तडा माज्या घराच्या भिंतीला बी हाय. वीस वर्सां राहते मी त्यात."

समीक्षाने एकदा तड्याकडे आणि एकदा जिवलीकडे पाहिलं. मग तिचं बोट माझ्या काचेवर आलं. बोट घामाने ओलं होतं, म्हणून मला पहिल्यांदा कळलंच नाही. तिने पुसून पुन्हा टेकवलं. ठिपका हिरवा झाला. त्याखाली शेऱ्याच्या ओळीत तिने लिहिलं, 'मागच्या भिंतीला तडा. पाणी जायला भोकं नाहीत. पावसाआधी तपासणी करावी.'

आढाव्यात तेविसाव्या कामाला टाळ्या पडल्या. शेरा कुणी उघडला नाही. समीक्षाचा करार पुढे वाढला.

जूनमध्ये गिरणी सुरू झाली. रविनाने समीक्षाला फोटो पाठवला. बारा बाया दारात उभ्या, मधोमध जिवली, हातात तांदळाची पाटी. समीक्षा त्या फोटोकडे बघून हसली, आणि लगेच तिने माझ्यातला तो धूसर फोटो उघडला. तेव्हापासून रोज उघडायची. दोन बोटांनी तडा मोठा करून बघायची, जणू तो माझ्यातच वाढत असेल. कुणी पाठीमागून आलं की पटकन बंद करायची. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची. साहेबांना तिने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "पाऊस जरा उघडू दे, अभियंत्यांना पाठवतो."

जुलैत पाऊस पाच दिवस उघडलाच नाही. सहाव्या दिवशी सकाळी तिने रविनाला फोन लावला.

"भिंत बघून ये गो. मी फोनवर थांबते."

मला पावसाचा आणि पावलांचा आवाज ऐकू आला. मग रविना म्हणाली, "ताई, आता त्यात पंजा जातो. आनि भिंत पोट पुढं काढल्यागत दिसते."

समीक्षाने रजेचा अर्ज लिहिला नाही, कुणाला विचारलं नाही. मला पिशवीत घातलं आणि बसस्थानक गाठलं. शेणव्यापाशी रस्त्यावर पाणी होतं, बस अर्धा तास उभी राहिली. सरळगावला तिने टोकावड्याची बस धरली. सबंध वाट तिने मला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की मला वाटलं, आपल्यालाच काहीतरी झालंय. टोकावड्याहून ती चिखलातून जवळजवळ पळतच गेली.

गिरणी भरात होती. आत अकरा बाया, भाताची पोती, यंत्राचा धडधडाट. पाऊस म्हणून दोघींनी तान्ही पोरंही तिथेच आणून निजवली होती.

"सगळ्या बाहेर या," समीक्षा म्हणाली. यंत्राच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. तिने जाऊन जिवलीचा दंड धरला. "मावशी, यंत्र बंद करा. भिंत येणार आहे."

जिवलीने हात सोडवला. "पावसात कुठं जाव? पोती भिजतील. तूच तं पास केलास ना? हिरवा केलास."

"केला. पण तेव्हाच मला ठाऊक होतं की ते खरं नाही. माझी नोकरी जाईल म्हणून केला." समीक्षा रडत नव्हती, पण तिच्या तोंडून शब्द सुटे सुटे पडत होते. "मला रोज भीती वाटते मावशी. रोज."

जिवलीने मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला बी ठाव होता." आणि वळून ओरडली, "उठा. पोरां उचला. पोत्याला हात नाय लावायचा कुनी."

बाया निघाल्या. समोरच्या उंचवट्यावर देवळाची पडवी होती, तिथवर एकेक जण पोचली. रविना दारात घुटमळली, यंत्राकडे बघत. जिवलीने तिला ढकललंच. समीक्षाने डोकी मोजली, पुन्हा मोजली. जिवली नव्हती.

ती विजेचा मोठा खटका बंद करायला आत परतली होती.

सव्वादोन वाजले होते. आधी एक आवाज आला, जाड कापड फाटल्यासारखा. मग भिंत बसली. कोसळली असं मी म्हणणार नाही. ती खाली बसली आणि तिच्यामागून डोंगराची लाल माती इमारतीत शिरली. यंत्र दिसेनासं झालं. पुढच्या दारातून जिवली बाहेर फेकल्यासारखी आली आणि पायरीवर पडली. एक दगड तिच्या मागोमाग आला आणि डाव्या पावलावर थांबला.

समीक्षाने मला चिखलात टाकलं आणि धावली. मी उताणा पडलो होतो. काचेवर पाऊस पडत होता आणि त्याच्या थेंबांनी माझ्यावर काहीबाही उघडत होतं, मिटत होतं. नकाशा उघडला. तेवीस हिरवाच होता.

जिवली वाचली. डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

चौथ्या दिवशी साहेबांनी समीक्षाला बोलावलं. दार लावून घेतलं. कडी नीट लागली का ते पुन्हा जाऊन पाहिलं. भीती मला लांबूनही ओळखू येते.

"टॅब दे जरा," ते म्हणाले. "चौकशी येतेय. तो शेरा आणि तड्याचे फोटो काढून टाकू. तू लिहिलंस, आम्ही वाचलं नाही, असं दिसतं ते. शेरा नसेल तर कुणालाच आधी ठाऊक नव्हतं. तूही सुटशील."

त्यांच्या मंजुरीने जुना शेरा पुसता येतो, हे मला माहीत होतं. मला तर पुरताच कोरा करता येतो. आमच्यातल्या सहाव्याला तसं केलं होतं. दुसऱ्या दिवशी तो चार्जरला लागला तेव्हा त्याने मला ओळखलं नाही.

समीक्षाने मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. "शेरा काढला तर मी सुटेन, साहेब. पण हिरवा मीच केला, तो कोण काढणार?" ती म्हणाली आणि दार उघडून निघून गेली.

चौकशीच्या दिवशी तिने मला स्वतः चौकशी अधिकाऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. तडा ठाऊक असताना पूर्ण म्हणून भरलं, असं तिने उभ्याने सांगितलं.  तेवढ्यात दारात कुबडी वाजली. जिवली रविनाच्या खांद्यावर हात टाकून आली होती.

"माजा बी नाव लिवा," ती म्हणाली. "पोर नाय म्हनत होती. मी पाया पडले तिच्या."

अधिकाऱ्याने मान वर केली. "बाई, तुमच्या पायाला लागलंय. तुमच्याविरुद्ध काही नाही."

"म्हनूनच सांगते. लिवा."

त्याने लिहिलं. दोघी एका बाकावर शेजारी बसल्या.  बऱ्याच वेळाने जिवलीने समीक्षाच्या मांडीवर हात ठेवला, आणि उठेपर्यंत तो तिथेच राहू दिला.

समीक्षाची नोकरी गेली. तेविसावं काम लाल झालं. गिरणी दुसऱ्या गावाला द्यायची की हेदपाड्यातच खालच्या सपाटीवर बांधायची, ते अजून ठरलेलं नाही. बाया पुन्हा भात डोक्यावर घेऊन टोकावड्याला जातात.

मला खाकी पाकिटात घालून वर लाख लावली आहे. पुरावा म्हणतात मला आता. कपाटात अंधार आहे आणि बॅटरी उतरत चालली आहे, पण माझी भीती त्याची नाही. माझ्यात अजून अठ्ठावीस ठिपके हिरवे आहेत. बहुतेकांचे शेरे किरकोळ आहेत. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. एकाचा तसा नाही. एकतिसावं काम समीक्षा तापाने रजेवर असताना दुसऱ्याच कुणी भरलं, त्यामुळे तिने ते कधी उघडून पाहिलं नाही. शेऱ्यात लिहिलंय, 'छताची तुळई वाकली आहे.' फोटोत त्या गोदामाच्या छताखाली शाळेची मुलं ओळीने जेवायला बसली आहेत. मी मोजली. पस्तीस आहेत.

पाकीट चौकशी संपल्यावर फोडणार आहेत. चौकशी कधी संपेल ते कुणाला माहीत नाही, आणि बाहेर पाऊस वाजतोय. तुमच्यापैकी कुणी त्या कार्यालयात जाणार असेल, तर एवढं करा. रंग विचारू नका. माझ्या नकाशावर गावांची नावं नाहीत, म्हणून एकतिसावं काम कुठल्या गावात आहे ते विचारा, आणि मुलं जेवायला बसायच्या आत तिथे पोचा.